सव्वा महिन्याची परकी

सरांनी माझा जन्मदाखला माइकवर वाचला.

राज्याच्या कबड्डी संघाची निवड चालली होती. रायपूरच्या एका मैदानावर मांडव घातला होता. मांडवाखाली पोरी, पोरींचे बाप, भाऊ, कोच. टेबलामागे सर. संघात कोण येणार आणि कोण घरी जाणार हे ठरवणारा माणूस. त्यांचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे त्यांना सगळे नुसतं सर म्हणतात आणि सगळ्यांना कळतं.

सकाळपासून मी अकरा चढाया केल्या होत्या. नऊ वेळा गडी मारून परत आले होते. फुशारकी म्हणून सांगत नाही. मांडवातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून सांगते.

मग कागद तपासायला बोलावलं. सरांनी माझा दाखला हाताने उचलला नाही. पेनाच्या टोकाने स्वतःकडे ओढला. आडनाव वाचलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग माइक जवळ घेतला.

"जन्म स्थान, ज़िला गोंदिया, महाराष्ट्र।" थांबले. "अरे भई, ये तो बाहर की है। नीले झंडे वाली। उधर जगह नहीं मिली तो इधर आ गए।"

मांडव हसला. बाप हसले, भाऊ हसले. ज्या पोरींना मी सकाळी मारलं होतं त्या जरा जास्तच हसल्या.

मी म्हणाले, "सर, मैं बीरगांव की हूँ। स्कूल भी यहीं का है।"

"पैदा कहाँ हुई?"

"गोंदिया।"

"तो गोंदिया से खेल।"

पेनानेच दाखला परत ढकलला. तो टेबलावरून खाली पडला. मी वाकून उचलला. त्या वाकण्याची मला आजही लाज वाटते. असा नियम खरंच होता का, ते मला आजपर्यंत कोणी दाखवलेलं नाही.

आता हे गोंदिया काय आहे ते ऐका. माझे बाबा सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात भट्टीवर आहेत. लग्नाच्या आधीपासून रायपूरला लागूनच्या बीरगावात राहतात. माय लग्न करून तिथंच आली. पण पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्यातला रिवाज. सातव्या महिन्यात मामा न्यायला आला. माय गोंदियाकडच्या तिच्या गावी गेली, मी झाले. सव्वा महिना भरला तसे बाबा आले आणि आम्हा दोघींना पॅसेंजरने घरी घेऊन गेले. एवढाच माझा महाराष्ट्र. त्या सव्वा महिन्यात मी दूध प्याले आणि रडले. दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही.

माझा धाकटा भाऊ बीरगावातच जन्मला. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरी. त्याला कबड्डीतला क येत नाही, पण तो इथला. मी बाहेरची. एका पोटची, एका चुलीवरची. आणि मामाच्या गावी गेलं की तिथल्या पोरी म्हणतात, "आली वं रायपूरवाली, आता हिंदी झाडंन." ना घरची ना दारची.

त्या दिवशी घरी आले तेव्हा मायला काही सांगावं लागलं नाही. माझ्याआधी बातमी पोचली होती. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच गेली ना माहेरी. नसती गेली तं झालं असतं तुयं."

बाबा म्हणाले, "तवा काय ठाऊक होतं वं आपल्याले?"

"माह्या मायनं बोलावलं म्हून गेली."

सरांचा मांडवात आला नव्हता एवढा राग मला त्या क्षणी आला. बाळंतपणाला आईकडे गेल्याची माफी माझी माय चुलीसमोर बसून मागत होती. माइकवर बोलला एक, आणि गुन्हेगार झाली ही.

तीन आठवड्यांनी पांढरी गाडी आली.

बुद्धविहाराच्या मागे आमचं मैदान आहे. मॅट नाही, माती. मातीवर कारखान्यांची काळी धूळ बसते. एक डाव खेळलं की तळपाय काळे होतात, आणि कितीही घासले तरी टाचेच्या भेगांतून जात नाहीत. गाडी मैदानाच्या कडेला उभी राहिली. काचा वर. बराच वेळ कोणी उतरलं नाही. आम्ही खेळत राहिलो. खेळताना सारखं वाटत होतं की कोणी तरी बकरं पाहायला आलं आहे.

मग एक माणूस उतरला. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. स्वतःला मॅनेजर म्हणवत होता. थेट माझ्याकडे आला.

"बेटा, विदेश की टीम से खेलेगी?"

"कौन सा देश?"

देशाचं नाव सांगण्यासाठी त्याला मोबाइल काढून पाहावं लागलं. समुद्रातलं कुठलं तरी बेट होतं. मी तेव्हाच उठून घरी जायला हवं होतं. पण मला फक्त एक गोष्ट विचारायची होती.

"मेरा जन्म उधर का नहीं है।"

तो हसला. "जन्म कौन पूछता है?"

मला ते वाक्य प्यायला मिळालेल्या पाण्यासारखं वाटलं. मी मूर्ख होते, हे मी मान्य करते. पण ज्याला उन्हात उभं केलंय तो पाणी गाळून पीत नाही.

आठ दिवसांत कागद आला. माझा फोटो, माझं नाव, आणि खाली लिहिलेलं की ही मुलगी तीन वर्षांपासून त्या बेटावर राहते. रस्त्याचं नाव होतं, घराचा नंबर होता. मी त्या रस्त्याचं नाव मोठ्याने वाचून पाहिलं. नीट जमलं नाही. बदल्यात मॅनेजरने माझे सगळे असली कागद घेतले. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, त्यानेच काढायला लावलेला नवाकोरा पासपोर्ट. "सेफ रहेंगे," म्हणाला.

मायने विहारात खीर वाटली. ज्या बाया मला आडून बाहेरची म्हणायच्या त्यांनाही दोन दोन वाट्या दिल्या. "माही पोट्टी परदेशाकडून खेळून राहिली," असं ती सांगत होती. बाबा मात्र तो कागद उलटसुलट करून पाहत होते. निघताना मला म्हणाले, "एवढ्या लवकर कागद कसा बनला बाई? आपला तं कंदी नाही बनला." मी म्हटलं, "बाबा, तुमाले चांगलं काही दिसतच नाही." या उत्तराचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला.

विमानाच्या आधी सरावाचा कॅम्प होता, तो विमानतळाजवळ असेल असं मला वाटलं होतं. गाडी रायपूरातल्याच भनपुरीला थांबली. ट्रकच्या गॅरेजांच्या मागे एक बंद पडलेलं मंगल कार्यालय. आम्ही दहा पोरी. अर्ध्या बीरगावच्या, बाकीच्या आसपासच्या वस्त्यांतल्या. त्यांत दुलारी होती, माझ्याच मैदानावरची, डाव्या कोपऱ्यात पकड करणारी. छत्तीसगढी पोरगी, इथल्याच मातीतली. पण तिचा जन्म कुठेच लिहिलेला नव्हता, म्हणून तीही निवडीतून बाहेर. दहाही जणी अशाच कुठून ना कुठून नाकारलेल्या. कोणाला उचलावं हे मॅनेजरला बरोबर कळत होतं.

पहिल्या दिवशी फोन जमा झाले. दुसऱ्या दिवशी खिडक्यांच्या काचांना आतून रंग दिला. "नज़र न लगे," म्हणाला. शटर सकाळी दूधवाल्यासाठी अर्धं उघडायचं आणि बंद व्हायचं. बाहेर ट्रकांचे हॉर्न वाजत राहायचे. आम्हाला एका कागदावर त्या देशाचं राष्ट्रगीत हिंदी अक्षरांत लिहून दिलं. अर्थ कोणालाच माहीत नव्हता. "सिर्फ़ होंठ हिलाना," मॅनेजर सांगायचा. आरशासमोर उभं राहून आम्ही ओठ हलवायला शिकलो. खिडकीच्या फटीतून तीच काळी धूळ आत यायची आणि नव्या पांढऱ्या बुटांवर बसायची. मी रोज पुसायचे.

दहाव्या दिवशी मी विचारलं, "भैया, विमान कब है?"

तो म्हणाला, "विमान कैंसिल। वहाँ की असली टीम ने मना कर दिया। टूर्नामेंट यहीं है, रायपुर में। तुम लोग वहाँ से आई हो।"

आम्ही हसलो. थट्टाच वाटली. तो हसला नाही. मग एकेकीचं हसू बंद झालं.

"बैनर पे आठ देश छप गए हैं," तो म्हणाला. "आठ दिखने चाहिए। मैदान पे हिंदी नहीं, मराठी नहीं, छत्तीसगढ़ी नहीं। मुँह से सिर्फ़ कबड्डी निकलेगा। और जो बोलूँगा, वो स्कोर। समझ गईं?"

आमचे कागद त्याच्या बॅगेत होते आणि बॅग त्याच्या मांडीवर होती.

दुलारी माझ्या कानाशी आली. "दीदी, मोला डर लागत हे।"

मी म्हणाले, "मुझे भी।" खोटा धीर देण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती.

उद्घाटनाच्या दिवशी पडदे लावलेल्या बसने आम्हाला स्टेडियमवर नेलं. पडद्याच्या फटीतून मला ओळखीचा चौक दिसला, ओळखीचा चहावाला दिसला. याच रस्त्याने मी शाळेच्या सामन्यांना जायचे. आज मी इथे विदेशी होते. दारात फुलं, आरतीची ताटं, कुंकू. प्रेक्षकांत शाळांची पोरं आणून बसवली होती, प्रत्येकाच्या हातात छोटे झेंडे. आमच्या बेटाचा झेंडा दोघांनी उलटा धरला होता. बरोबर कसा धरायचा ते मलाही माहीत नव्हतं.

आणि स्वागताला सर उभे होते.

तेच. तोच चष्मा, तेच पेन खिशात. एकेका खेळाडूच्या कपाळाला टिळा लावत, गळ्यात गमछा घालत पुढे येत होते. माझ्यासमोर आले. मला वाटलं, आता ओळखतील. ओळखून घाबरतील. आत कुठे तरी मला तो क्षण हवा होता.

त्यांनी ओळखलं. लगेच ओळखलं. आणि घाबरले नाहीत.

ज्या हाताने माझा कागद उचलला नव्हता त्याच हाताने त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. गळ्यात गमछा घातला. फोटोवाल्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "वेलकम टू रायपुर, मैडम।" फोटो निघाला. हसू तसंच ठेवून, दात न उघडता, हळूच म्हणाले, "खेलना था ना? खेल। मुँह बंद रखना।"

तेव्हा मला सगळं कळलं. मी बाहेरची आहे की इथली, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. गरज नव्हती तेव्हा मी गोंदियाची. गरज पडली तेव्हा समुद्रापारची. फक्त बीरगावची मी कधीच नव्हते.

पहिले दोन सामने आम्ही सांगितल्याप्रमाणे हरलो. हो, हरलो. मी मुद्दाम पाय अडकवून घेतला, दुलारीने पकडलेला घोटा सोडून दिला. ज्या बोटांनी ती धरते ती बोटं सुटत नाहीत हे मला माहीत आहे. मुक्कामावर परतल्यावर ती कितीतरी वेळ नळाखाली हात धुत बसली होती.

तिसरा सामना दुपारी होता. समोर भारताची जर्सी. त्यांना ती कोणी दिली, कशी दिली, मला ठाऊक नाही. आमची आम्हाला जशी मिळाली तशीच बहुधा. त्या सात जणींत तिघी आमच्या निवडीच्या दिवशीच्या होत्या. त्या मांडवात हसल्या होत्या. आज मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

हुकूम असा होता. मध्यंतरापर्यंत बरोबरी. मग मॅनेजर खांद्यावर टॉवेल टाकेल. टॉवेल दिसला की हरायला सुरुवात.

मध्यंतर झालं. टॉवेल खांद्यावर गेला. माझी चढाई होती.

मी मध्यरेषा ओलांडली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. उजवीकडची पोरगी पुढे आली, मला धरायला नव्हे, धरल्यासारखं करायला. तिलाही सांगितलेलं असणार. ती इतकी आरामात आली की माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझा पाय माझा राहिला नाही. तिला लाथ लागली, मागच्या दोघींना हात लागला, आणि मी परत आले. तीन गडी. शाळेची पोरं ओरडली. त्या पोरांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

मॅनेजरने लगेच वेळ मागितली. मला बाजूला घेतलं. पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, लोकांना दिसेल अशी. "तेरा जन्म का कागज़ मेरे पास है। जला दूँ तो तू कहीं की नहीं रहेगी।"

मी पाणी प्याले. मला भीती वाटली, हे लिहिते. पण पाणी पिता पिता एक साधा हिशोब डोक्यात आला. तो कागद होता तेव्हा मी कुठली होते? त्याच कागदाने तर मला खाली वाकवलं होतं. जळाला तर मी आत्ता आहे त्यापेक्षा कमी काय होणार?

पुढची चढाई. मी आत गेले. कबड्डी, कबड्डी. सगळ्या तयार. मी त्यांच्या अंगणाच्या बरोबर मधे जाऊन उभी राहिले आणि दम सोडला.

चढाईत दम सोडला, कबड्डी म्हणणं थांबलं, की खेळाडू बाद. नियमच आहे. पंचाने शिट्टी तोंडाशी नेली. त्याच्या आधी मी ओरडले.

"मैं बीरगांव की हूँ! यहीं की हूँ! हमारी टीम में कोई विदेशी नहीं है!"

शिट्टी वाजली. मी बाद. पंचाचा हात वर गेला. मी जागची हलले नाही. पुन्हा ओरडले. या वेळी मराठीत, का ते मला माहीत नाही. "मी बीरगावची आहे!"

मग आमच्या कोपऱ्यातून आवाज आला. "महूं बीरगांव के अंव।" दुलारी. तिने डोक्यावरची पट्टी काढून खाली टाकली. बाकीच्या खाली पाहत उभ्या राहिल्या. मी त्यांना दोष देत नाही. त्यांचेही कागद त्याच बॅगेत होते.

लगेच मोठ्याने गाणं लावलं. भोंग्यांतून ढोल वाजायला लागले. दोन माणसांनी आमच्या दंडांना धरून मागच्या दाराने बाहेर काढलं. बस नव्हती. आम्ही दोघी परक्या देशाच्या जर्सीत रस्त्यावर उभ्या. ऑटोवाल्याने आरशातून पाहत विचारलं, "कौन देश से हो बहनजी?"

दुलारी म्हणाली, "बीरगांव छोड़ दे, भैया।"

घरी पोचले तेव्हा माय दारात तांदूळ निवडत होती. मला पाहून सूप बाजूला ठेवलं. तोंडावर सगळं हसू. "आली वं माही बाई! इमान कवा उतरलं?"

मॅनेजरने माझ्याच फोनवरून तिला रोज संदेश पाठवले होते. पोचले. जेवले. इथे थंडी आहे. थंडी वाचून मायने माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. मी भनपुरीला होते. रिक्षाने अर्ध्या तासावर.

मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिने स्वेटर उचलला आणि सगळी लोकर उसवून टाकली, एका दमात, शेवटच्या टाक्यापर्यंत.

ही गोष्ट संपलेली नाही. कागद मिळालेले नाहीत. ठाण्यात अर्ज दिला आहे, चौकशी चालू आहे असं सांगतात. दोन माणसं मोटरसायकलवरून कारखान्याच्या फाटकावर गेली आणि बाबांची पाळी कधी सुटते ते विचारून आली. ठेकेदार बाबांना म्हणाला, बेटी को समझाओ. दुलारीच्या घरासमोरही तीच मोटरसायकल उभी असते. सरांनी एका माणसाकरवी टाइप केलेला कागद पाठवला. त्यात लिहिलं होतं की मी त्या दिवशी स्टेडियमवर नव्हतेच. सही करा, असली कागद घेऊन जा. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोर बोंब टाइप करून सहीला पाठवतो हे पहिल्यांदा पाहिलं.

बाबांनी तो कागद दोनदा वाचला. फार थकलेले दिसत होते. म्हणाले, "भेव लागते बाई. नाही म्हणत नाही. पण सही नको करू."

मागच्या आठवड्यात मी आणि माय गोंदियाला जाऊन आलो. त्याच पॅसेंजरने. दवाखान्यातून आणि पंचायतीतून जन्मदाखल्याची नवी प्रत काढली. परत येताना माय गाडीत एकच बोलली, "मी माहेरीच गेली होती. चोरी नव्हती केली." त्या निवडीच्या दिवसानंतर पहिल्यांदा तिने ते मान वर करून म्हटलं.

हे लिहिताना गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल उभी आहे. दुपार आहे, ऊन आहे, ते दोघं उतरत नाहीत. उभे राहू दे.

पुढच्या महिन्यात राज्याची निवड पुन्हा आहे. मी जाणार आहे, त्या बेटाची जर्सी घालून. दुलारी येणार आहे. माय येणार आहे, सगळ्यांत पुढे बसणार आहे. माझी पाळी आली की दाखला टेबलावर ठेवणार नाही. माइक मी घेईन. सरांच्या आधी मीच वाचीन. जन्म, जिल्हा गोंदिया. आईचं नाव, बापाचं नाव. आणि जे कागदावर नाही तेही वाचीन, की सव्वा महिन्याची असताना ही पोरगी मायच्या मांडीवर झोपून रायपूरला आली, आणि तेव्हापासून राहायला कुठेही गेलेली नाही. परदेशात तर नाहीच.

मग विचारीन, सर, ज्या देशाच्या मातीला माझा पाय लागला नाही तिथली मी आठ दिवसांत कशी झाले? तो कागद कोणी बनवला? गमछा घालताना मला ओळखलं होतं की नाही?

उत्तर येईपर्यंत माइक सोडणार नाही. ओढून घेतला तर माइकवाचून ओरडीन. माझा दम किती आहे ते त्यांनी पाहिलं आहे.